मांजराचे नखे घासणे : उपजत कृती आणि तिचे स्थानांतर

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याची मांजराशी पहिली शास्त्रीय ओळख बहुधा थॉर्नडाइक यांच्या पेटीत होते. १८९८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधासाठी एडवर्ड थॉर्नडाइक यांनी भुकेल्या मांजरांना लाकडी पट्ट्यांच्या पेट्यांत कोंडले, बाहेर अन्न ठेवले आणि सुटकेसाठी त्या प्राण्यांनी केलेली धडपड वेळेच्या नोंदीसह टिपून ठेवली. मांजर फटीतून अंग बाहेर काढू पाहते, पट्ट्या चावते, समोर येईल ते ओरबाडते. या गोंधळात केव्हातरी नख दोरीच्या फाशात अडकते आणि दार उघडते. पुढील खेपांना निरर्थक हालचाली गळत जातात आणि फाशाकडे नेणारी तेवढी उरते. प्रयत्न-प्रमाद पद्धतीचे आणि पुढे परिणामाच्या नियमाचे हे मूळ सर्वांस पाठ असते. तथापि त्यातील एक साधी गोष्ट सहसा नजरेतून सुटते. फास कोठे आहे हे मांजर त्या पेटीत शिकले. नखे चालविणे मात्र ते येतानाच बरोबर घेऊन आले होते.

कृतीचा आकार उपजत आणि कृतीचे स्थान अर्जित, असा जो हा भेद आहे, तो एका अगदी घरगुती प्रश्नाच्या मुळाशी आहे. पाळलेले मांजर सोफ्याच्या कोपऱ्यावर, खुर्चीच्या वेतावर किंवा पडद्यावर नखे घासून त्यांच्या चिंध्या करते; त्यास इजा न करता तेथून कसे वळवावे, हा तो प्रश्न होय. विद्यापीठीय पत्रिकेच्या पानावर तो क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु त्याच्या चुकीच्या उत्तरांपायी मांजरांनी भोगलेले क्लेश क्षुल्लक नाहीत. उत्तर अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच कारणाकरिता मांजरांच्या बोटांची टोके शस्त्रक्रियेने कापून टाकण्याची प्रथा रुळली. आपल्याकडे उपाय निराळा असतो. मांजर पिशवीत घालून मासळीबाजाराच्या आसपास सोडून दिले जाते आणि ‘तेथे त्याचे पोट भरेल’ अशी मनाची समजूत घातली जाते. वस्तुतः ज्या प्राण्याने उभे आयुष्य तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांत काढले, त्यास बाजारातल्या कुत्र्यांत आणि मोटारींत टिकाव धरणे किती अवघड जाते, हे सांगावयास नको.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करणे इष्ट आहे. मराठीत मांजर माणसास बोचकारते, अंग खाजविते, दार ओरबाडते आणि नखे घासते. या चार क्रियापदांनी चार भिन्न कृती दाखविल्या जातात. बोचकारणे हा आक्रमणाचा किंवा बचावाचा भाग होय. दार ओरबाडणे ही बाहेर जाण्याची धडपड असून थॉर्नडाइक यांच्या पेटीतील वर्तन याच जातीचे होते. येथे विचार करावयाचा आहे तो चौथ्या कृतीचा. हिची मुद्रा ठरलेली असते : मागचे पाय रोवलेले, पाठ ताणलेली, पुढचे दोन्ही पंजे उंच टेकलेले, नखे बाहेर काढलेली आणि मग आळीपाळीने खाली ओढलेली. ही मुद्रा मांजराच्या पिलास कोणी शिकवीत नाही. आईवाचून वाढलेले पिलूही ती करते. एवढेच नव्हे, तर ज्याची नखे शस्त्रक्रियेने काढून टाकली आहेत असे मांजरही सोफ्यापाशी जाऊन रिकाम्या पंजांनी तीच हालचाल करीत राहते. कृतीच्या उपजतपणाचा याहून करुण पुरावा मिळणे कठीण.

या कृतीस लोकभाषेत ‘नखांना धार लावणे’ असे म्हणतात. त्यात तथ्य आहे. परंतु सहाणेवर सुरी घासावी तसा हा प्रकार नव्हे. मांजराच्या पुढच्या प्रत्येक पंजास पाच व मागच्या प्रत्येक पंजास चार अशी एकूण अठरा नखे असतात. प्रत्येक नख बोटाच्या शेवटच्या हाडावर केराटिनच्या कवचासारखे बसविलेले असते. विश्रांतीच्या स्थितीत लवचीक बंधांच्या ओढीने ते हाड मागे दुमडून राहते, म्हणून मांजराचा पाय मखमली वाटतो. स्नायू आखडून कंडरा ताणली गेली की नख पुढे येते. अर्थात नखे आत ठेवण्यास मांजरास श्रम पडत नाहीत, बाहेर काढण्यास पडतात. हे कवच थरांचे बनलेले असते. लुइझियाना राज्य विद्यापीठातील डॉमिनिक होम्बर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली या कवचाच्या रचनेचा सूक्ष्म अभ्यास प्रसिद्ध केला. नखांच्या नित्य वापरात बाहेरील थरात बारीक भेगा पडत जातात आणि अखेर तो जीर्ण थर टोपीसारखा निघून येतो. आत नवे, टोकदार नख तयार असते. पुढच्या पंजांच्या टोप्या नखे घासताना गळतात, मागच्या पंजांच्या मांजर दातांनी ओढून काढते. मांजराच्या आवडत्या कोपऱ्यापाशी केर काढताना चंद्रकोरीसारखी पोकळ टरफले सापडतात, ती हीच. सारांश, धार लावली जात नाही, जुने म्यान टाकले जाते.

परंतु नखांची निगा हे या कृतीचे एकमेव प्रयोजन मानले, तर काही निरीक्षणांचा उलगडा होत नाही. मांजर झोपेतून उठल्याबरोबर नखे घासते. येथे स्नायू ताणून अंग मोकळे करण्याचा हेतू उघड दिसतो. पण घरात माणूस परतताच किंवा दुसरे मांजर खिडकीत दिसताच ते सोफ्याकडे धाव घेते, याचे काय? येथे नखे घासणे हा एक संदेश असतो. ओरखडे डोळ्यांना दिसतात आणि पंजाच्या बोटांमधील ग्रंथींचा स्राव त्यांत उतरून गंध मागे राहतो. हिलरी फेल्डमन यांनी १९९४ साली अर्धरानटी मांजरांच्या गंधचिन्हांविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की ही चिन्हे प्रदेशाच्या सीमेवर नव्हे, तर मांजरांच्या नेहमीच्या वाटांवर केलेली असतात आणि त्यांकरिता मऊ सालीची झाडे पसंत केली जातात. सीमेवरच्या दगडापेक्षा वाटेवरच्या पाटीशी या खुणांचे साम्य अधिक आहे. फ्रान्समधील संशोधकांनी बोटांमधील या स्रावाचे कृत्रिम अनुकरण तयार केले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे द्रव्य लावलेल्या जागी मांजरांनी अधिक काळ नखे घासली. म्हणजे एकदा ओरखडलेली जागा मांजरास पुन्हा बोलाविते, आणि सोफ्याचा एकच कोपरा वर्षानुवर्षे का झिजतो याचा खुलासा होतो.

ही तिन्ही प्रयोजने एकत्र ठेवून दिवाणखान्याकडे पाहावे. मांजरास हवी असलेली वस्तू जड व स्थिर असावी, म्हणजे अंगाचा भार टाकून ओढताना ती डगमगणार नाही. ताठ उभे राहून पंजे पोचतील इतकी उंच असावी. तिच्या पृष्ठभागात नख रुतावे, पण अडकून बसू नये. आणि ती येण्याजाण्याच्या वाटेवर, सर्वांच्या नजरेस पडेल अशी असावी. या चारही कसोट्यांस सोफ्याच्या हातासारखी उतरणारी दुसरी वस्तू सध्याच्या सदनिकेत क्वचितच असते. मांजर सोफ्याची निवड खोडसाळपणाने करीत नाही. त्याच्या दृष्टीने ती उत्तम निवड होय. जुन्या वाड्यातील मांजरास परसातला आंबा किंवा शेवगा होता, माजघरातल्या धान्याच्या गोणी होत्या, कुडाच्या भिंती होत्या. नखे तेव्हाही घासली जात. तक्रार होत नसे, इतकेच. सदनिकेत झाड राहिले नाही, गोणी गेल्या, भिंतींवर गुळगुळीत रंग आला आणि जाळी लावलेल्या खिडकीमागे मांजर उरले ते एका कापडी सोफ्यासह.

आता उपायांकडे वळावयास हरकत नाही. सर्वांत प्रचलित उपाय शिक्षेचा : ओरडणे, वर्तमानपत्राची गुंडाळी आपटणे, तोंडावर पाण्याचा फवारा मारणे. याविषयी प्रयोगशाळेतील पुरावा पुष्कळ आहे. बी. एफ. स्किनर यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दांडी दाबणाऱ्या उंदरांच्या पंजास चापट बसेल अशी योजना होती. चापटीने दांडी दाबणे तात्पुरते मंदावले, पण शिक्षा थांबल्यावर उंदरांनी राहिलेली कसर भरून काढली. डब्ल्यू. के. एस्टिस यांच्या १९४४ च्या प्रयोगमालिकेतून सौम्य शिक्षेच्या बाबतीत याच दिशेचा निष्कर्ष निघाला. प्रतिक्रिया दबते, नाहीशी होत नाही. यापुढे जाऊन ‘शिक्षा सर्वथा निष्फळ’ असे म्हणण्याचा मोह पाळीव प्राण्यांवरील लोकप्रिय पुस्तकांना होतो. तो मात्र टाळला पाहिजे. एन. एच. अ‍ॅझरिन आणि डब्ल्यू. सी. होल्झ यांनी १९६६ साली घेतलेल्या विस्तृत आढाव्यावरून असे दिसते, की शिक्षा तीव्र, तत्काळ आणि न चुकता प्रत्येक वेळी मिळाली, तर ती वर्तन खरोखर दाबू शकते. घरात या अटी पाळल्या जात नाहीत आणि पाळल्या जाऊही नयेत. दिवसाचे आठ तास घराबाहेर असणारा माणूस प्रत्येक वेळी हजर राहणार कसा? मांजर एवढेच शिकते, की अमुक माणूस खोलीत असताना नखे घासणे धोक्याचे आहे. त्याच आढाव्यातील दुसरा निष्कर्ष अधिक उपयोगाचा आहे. तेच फळ देणारा दुसरा मार्ग प्राण्यास मोकळा असेल, तर सौम्य शिक्षाही फार परिणामकारक ठरते. घरातील प्रश्नापुरते पाहता, पर्यायाचे बळ एवढे असेल तर प्रथम पर्यायच देऊन पाहावा, हे ओघानेच येते.

शिक्षेचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे. जूल्स मॅसरमन यांनी १९४३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अन्नपेटी उघडणाऱ्या मांजरांवर हवेचा झोत सोडला जाई. भय झोतापुरते राहिले नाही. ते पेटीवर, प्रयोगाच्या जागेवर पसरले आणि काही मांजरांनी अन्नही टाकले. घरातील पाण्याचा फवारा त्या झोताचा सौम्य भाऊबंद आहे. शिवाय भय आणि अस्वस्थता यांमुळे मांजराची गंधचिन्हे करण्याची प्रवृत्ती वाढण्याचा संभव असतो. जो सोफा वाचविण्यासाठी शिक्षा केली, त्याच्याच वाट्यास अधिक ओरखडे येतात.

याच्या नेमकी उलट चूकही घडते. १९४६ साली एडविन गथ्री आणि जी. पी. हॉर्टन यांनी मांजरांना पेटीतील खांब हलवून दार उघडावयास लावले. प्रत्येक मांजर खांबास अंग घासण्याची एक ठराविक लकब धरते असे त्यांस आढळले आणि सहचर्याने घडलेल्या शिक्षणाचा तो मोठा दाखला मानला गेला. तेहतीस वर्षांनी, १९७९ साली, ब्रूस मूर आणि सुझन स्टटर्ड यांनी दाखवून दिले, की निरीक्षक समोर असला म्हणजे मांजरे दार उघडो वा न उघडो, अंग घासतातच; ते माणसाचे स्वागत होते. निरीक्षक दिसेनासा होताच ती हालचालही थांबली. मांजराच्या वर्तनाचा अभ्यास करताना खोलीतील माणूस हाही एक उद्दीपक असतो, याची ही आठवण होय. सोफ्यावर पंजा पडताच घरातील मंडळी उठून धावत येत असतील, तर एकट्या कंटाळलेल्या मांजरास ते बक्षीसच वाटण्याचा संभव आहे. ओरडणाऱ्यास आपण शिक्षा करीत आहोत असे वाटते; प्रबलन होते आहे की काय, हे नोंदी ठेवल्यावाचून कळत नाही.

नखे काढण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल थोडक्यात सांगता येईल. नख हाडावरच उगवत असल्यामुळे ते कायमचे काढावयाचे तर बोटाचे शेवटचे हाडच कापावे लागते. माणसाच्या बाबतीत बोटाचे टोक शेवटच्या सांध्यापाशी तोडण्यासारखे हे आहे. मार्टेल-मोरान आणि सहकाऱ्यांनी १३७ नखे काढलेल्या आणि तितक्याच धडधाकट पंजांच्या मांजरांची तुलना केली. पाठदुखी, चावण्याची सवय, आणि मलमूत्राची ठरलेली जागा सोडणे या तिन्ही तक्रारी पहिल्या गटात स्पष्टपणे अधिक आढळल्या. ६३ टक्के मांजरांच्या पंजांत हाडाचे तुकडे मागे राहिलेले क्ष-किरण चित्रांत दिसले. म्हणजे सोफा वाचला, पण गादी गेली आणि मांजर आयुष्यभर दुखऱ्या पायांनी चालले. युरोपीय परिषदेच्या १९८७ च्या पाळीव प्राण्यांविषयीच्या करारात ही शस्त्रक्रिया निषिद्ध मानली आहे. इस्रायलने २०११ साली आणि न्यूयॉर्क राज्याने २०१९ साली तिच्यावर बंदी घातली. भारतातील १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमात प्राण्याचे अंगच्छेदन हे क्रौर्य म्हणून गणले आहे. आणि उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्यास सोडून देणे हेही त्याच कलमात येते. मासळीबाजाराची वाट धरणाऱ्यांनी हा दुसरा भाग वाचण्यासारखा आहे.

तेव्हा उरतो तो स्थानांतराचा मार्ग. येथे मांजरास काही सोडावयाचे नसते, फक्त जागा बदलावयाची असते. त्यासाठी नखे घासण्याचा स्वतंत्र खांब हवा. आणि तो सोफ्यापेक्षा मांजराच्या दृष्टीने सरस हवा. पाळणाऱ्यांची निराशा बहुधा येथेच होते. दुकानातून दीड फुटाचा, हलक्या बैठकीचा, मऊ गालिचाने मढविलेला खांब आणून तो गॅलरीच्या कोपऱ्यात उभा केला जातो. मांजर एकदा पंजा टाकते, खांब कलंडतो आणि मांजर सोफ्याकडे परतते. त्याच्या बाजूने विचार करता हा निर्णय बिनचूक आहे.

खांब कसा असावा याविषयी आता बरीच माहिती उपलब्ध आहे. कोलीन विल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ३९ देशांतील ४,३३१ मांजर पाळणाऱ्यांची उत्तरे होती. माणसे मांजरांना सर्वाधिक देत ते गालिचाने मढविलेले खांब. मांजरे मात्र, दोर गुंडाळलेला खांब दिला असता, त्याचा वापर अधिक करीत. साधा उभा खांब किंवा दोन अथवा अधिक मजल्यांचा मंच, उंची निदान तीन फूट, अशा वस्तूंकडे त्यांचा कल होता. ज्या घरांत खांब वापरल्याबद्दल मांजरास बक्षीस मिळे, तेथे खांबाचा वापर अधिक होता. या शेवटच्या निष्कर्षाबाबत पदव्युत्तर विद्यार्थ्याने सावध राहिले पाहिजे. बक्षिसामुळे मांजर खांब वापरू लागले, की मुळात खांब वापरणाऱ्या मांजरासच बक्षीस देण्याची संधी मिळाली, हे अशा पाहणीतून ठरत नाही. उत्तरे स्वेच्छेने देणारे लोक मांजराविषयी आधीच आस्था बाळगणारे असतात, हाही दोष ध्यानी घ्यावा. तथापि दोराच्या पसंतीस प्रत्यक्ष प्रयोगाचाही आधार आहे. टेक्सास टेक विद्यापीठातील झांग आणि मॅकग्लोन यांनी मांजरांपुढे निरनिराळ्या वस्तू मांडून पाहिल्या, तेव्हा प्रौढ मांजरांनी सिसलचा दोर गुंडाळलेला उभा खांब आणि नागमोडी आकाराचा पन्हळी पुठ्ठा यांस पसंती दिली.

सिसल म्हणजे आपल्या घायपाताच्या जातीच्या वनस्पतीचा वाख. बांधावर कुंपणासाठी घायपात लावणाऱ्या महाराष्ट्रास या दोराची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. बोटाएवढ्या जाडीचा दोर, तीन-साडेतीन फुटांचा लाकडी वासा आणि खाली जड पाटाची बैठक एवढ्यावर उत्तम खांब घरी होतो. दोर इतका घट्ट गुंडाळावा, की फेऱ्यांमध्ये फट राहू नये. कोकणात सहज मिळणारा काथ्याचा दोर किंवा फळीवर पक्के बसविलेले काथ्याचे पायपुसणे हेही करून पाहण्याजोगे आहे. दारातल्या पायपुसण्यावर नखे घासणारी मांजरे पुष्कळांच्या पाहण्यात असतील. काही मांजरांस आडवा पृष्ठभागच आवडतो. म्हणून खांब करण्यापूर्वी एक आठवडा केवळ निरीक्षण करावे : मांजर कोणत्या वेळी, कोठे, उभे की आडवे, कोणत्या कापडावर नखे घासते. मागाहून सुधारणा झाली की नाही हे ठरविण्यासही हीच नोंद उपयोगी पडते. स्मरणावर विसंबून केलेली तुलना व्यर्थ होय.

खांबाची जागा हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षिला जाणारा भाग आहे. तो ओरखडलेल्या कोपऱ्याला खेटून उभा केला पाहिजे. दिवाणखान्याच्या शोभेस बाध येतो अशी तक्रार होईल. पण शोभा सोफ्याच्या चिंध्यांनीही येत नाही. त्याच दिवशी सोफ्याचा तो भाग मांजरास नकोसा करावा : जाड गुळगुळीत प्लॅस्टिक ताणून बसवावे, किंवा दोन्ही बाजूंनी चिकट असणारी पट्टी लावावी. कापड आधी धुऊन घेतल्यास जुना गंध कमी होतो. डांबराच्या गोळ्या, निलगिरीचे तेल अथवा फिनाइल यांचा वापर मात्र कटाक्षाने वर्ज्य करावा. अनेक विषारी द्रव्यांचे ग्लुकुरोनिक आम्लाशी संयोग करून विसर्जन करण्याची जी शक्ती माणसाच्या यकृतात आहे, ती मांजराच्या यकृतात फारच थोडी असते. त्यामुळे माणसास निरुपद्रवी वाटणाऱ्या वासाने मांजर दगावू शकते.

मग प्रबलन. मांजर खांबावर पंजा टाकील त्या क्षणी, एक-दोन सेकंदांच्या आत, सुक्या मासळीचा कण किंवा आवडीचा खाऊ द्यावा. दहा सेकंदांनी दिलेला खाऊ खांबापाशी बसल्याचे बक्षीस ठरतो. मांजराचे पंजे धरून खांबावर घासण्याचा प्रघात आहे तो सोडावा. धरले जाण्याचा तिटकारा मग खांबास चिकटतो. त्याऐवजी खांबाच्या वरच्या टोकाशी सुतळीला बांधलेले पीस नाचवावे. ते पकडताना नखे आपोआप दोरात रुततात. पाश्चात्त्य देशांत याकरिता कॅटनिप ही वनस्पती खांबावर चोळतात. तिचा परिणाम सर्व मांजरांवर होत नाही. ही संवेदनशीलता आनुवंशिक असल्याचे नील टॉड यांनी १९६२ साली दाखविले, आणि लहान पिले तर तिला दादच देत नाहीत. आपल्याकडे पावसाळ्यात कोठेही उगवणाऱ्या खोकली या तणाच्या मुळाकडे मांजरे अशीच ओढली जातात. परंतु ही वनस्पती औषधी व काही अंशी विषारी असल्याने तिचा प्रयोग घरी करू नये हे बरे.

या सर्व व्यवस्थेनंतरही मांजर घरभर नवनव्या जागी नखे घासत असेल, तर प्रश्न केवळ खांबाचा नसतो. यास्मिन सालगिर्ली देमिरबाश आणि सहकाऱ्यांनी फ्रान्समधील १,२११ पाळणाऱ्यांकडून मिळविलेली माहिती २०२४ साली प्रसिद्ध केली. घरात लहान मुले असणे, मांजराची खेळाची मात्रा अधिक असणे आणि त्याचा रात्रीचा वावर जास्त असणे यांचा नको असलेल्या ओरखड्यांशी संबंध दिसून आला. हाही सहसंबंधच होय, कार्यकारणभाव नव्हे. पण जेथे लपावयास उंच जागा नाही, जेथे मूल शेपटी ओढते, जेथे दोन मांजरांस एकच पाणवठा आहे, तेथे ओरखडे हे अस्वस्थतेचे लक्षण मानून प्रथम ती कारणे शोधणे अधिक शास्त्रीय ठरेल. दोन मांजरे असल्यास दोन खांब हवेत आणि ते वेगवेगळ्या वाटांवर हवेत.

दर दोन-तीन आठवड्यांनी पुढच्या नखांचे केवळ पारदर्शक टोक कापल्यास नुकसान कमी होते. आतील गुलाबी भागात रक्तवाहिनी व मज्जातंतू असल्याने तेथे कात्री पोचता कामा नये. यामुळे नखे घासणे थांबत नाही, आणि थांबावे अशी अपेक्षाही नाही. वयोवृद्ध मांजरांची गोष्ट थोडी निराळी आहे. उपरोक्त पाहणीत १० ते १४ वर्षांच्या मांजरांचा कल दोराऐवजी गालिचाकडे आढळला. सांधे ताठरलेल्या प्राण्यास उंच खांबावर ताणणे जड जाते हे त्याचे एक कारण असू शकेल. अशा मांजरास जमिनीवर तिरकी ठेवलेली, जुन्या सतरंजीचा तुकडा ठोकलेली फळी पुरते. मांजर खांबास रुळल्यावर सोफ्यावरील प्लॅस्टिक काही आठवड्यांनी काढता येते. खांब दुसरीकडे हलवावयाचाच असेल, तर दिवसास दोन-तीन बोटे एवढ्याच अंतराने सरकवावा, आणि मांजर पुन्हा जुन्या कोपऱ्याकडे वळताना दिसल्यास तेथेच थांबवावा.